एजीआयवर काम करायचंय? मग तत्त्वज्ञान नेमकं कुठून आणि कसं वाचायचं

एजीआय, म्हणजे आर्टिफिशियल जनरल इंटेलिजन्स. एकाच कामाला न जुंपलेली, अनोळखी कामातही माणसासारखी शिरकाव करू शकणारी यंत्रबुद्धी. तिच्यावर संशोधन करायचं म्हणणारे विद्यार्थी आता जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगावातही भेटतात. पायथन येतं, गणित बरं असतं, मशीन लर्निंगचे दोन-तीन ऑनलाइन कोर्स झालेले असतात. मग कुणीतरी सांगतं, 'थोडं तत्त्वज्ञान वाच, नाहीतर मुळातले प्रश्न कळायचे नाहीत.' सल्ला खरा आहे, पण अर्धवट. कुठलं तत्त्वज्ञान, हे सांगायला सल्ला देणारा पुढे थांबत नाही.

मग पोरं दोनपैकी एका वाटेला लागतात. कुणी 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' उघडून थेलिसपासून सुरुवात करतो आणि प्लेटोपाशी दमतो. कुणी घरात असेल ते हाती घेतो: गीता, उपनिषदं, वेदान्तावरची प्रवचनं. ही पुस्तकं वेगळ्या हेतूने लिहिलेली आहेत. 'माझं मॉडेल नव्या डेटावर का आपटतं' याचं उत्तर त्यांत शोधणं त्यांच्यावरही अन्याय आणि आपल्या वेळावरही.

माझं म्हणणं सरळ आहे. वाचन आपल्या अडलेल्या कामापासून सुरू करायचं, आणि वाचून झाल्यावर प्रयोगात, व्याख्येत किंवा चाचणीत काहीतरी बदललं पाहिजे. काहीच बदलणार नसेल तर ते वाचन छान असेल, उपयोगी नसेल.

आधी अडलेली जागा लिहून काढा

वहीचं कोरं पान घ्या. त्यावर 'यंत्राला खरंच समजतं का?' असं लिहू नका. त्या वाक्यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलता येतं आणि उठताना सगळे जिथल्या तिथे असतात. प्रश्न इतका बारीक करा की त्याच्या दोन उत्तरांनुसार दोन वेगळी यंत्रं बनतील.

समजा, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या पानांचे फोटो घेऊन करपा ओळखणारं मॉडेल तुम्ही केलंय. करपा पावसाळी, दमट हवेत फोफावतो, म्हणून फोटो बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरचे. जानेवारीत बागेला थंडीचा चरका बसतो, पानं पिवळी पडतात, आणि मॉडेल त्यालाही बिनदिक्कत 'करपा' म्हणून मोकळं होतं. आता पानावर लिहा: पावसाळ्यात शिकलेलं हिवाळ्यात लागू पडेल यावर विश्वास ठेवायला आधार काय? खाली लिहा: मॉडेल 'करपा' म्हणतं तेव्हा ते बुरशीबद्दल बोलत असतं, की फक्त पिवळ्या ठिपक्यांच्या नक्षीबद्दल? तिसरा: नवा रोग आला तर किती फोटोंत ते शिकलं म्हणजे त्याला 'हुशार' म्हणायचं? आणि चौथा: शेतकऱ्याला लवकर इशारा हवा, व्यापाऱ्याला मालाची प्रत हवी, विमा कंपनीला नुकसानीचा आकडा हवा, मॉडेलने ऐकायचं कुणाचं?

केळीच्या मॉडेलला एजीआय कुणी म्हणणार नाही. पण प्रश्न तेच आहेत. मोठ्या यंत्रावर ते धूसर होतात, छोट्यावर हाताला लागतात. फरक इतकाच की केळीच्या मॉडेलचं काम आधी आखून देता येतं, 'फक्त पानं बघ' असं सांगता येतं. एजीआयला तशी हद्द घालता येत नाही, त्यामुळे तिथे हे प्रश्न टाळून पुढे जायची सोयच उरत नाही.

प्रश्नाचं शास्त्रातलं नाव मिळवा

पानावरच्या प्रत्येक प्रश्नाला तत्त्वज्ञानात पत्ता आहे. पहिला प्रश्न म्हणजे विगमनाचा, म्हणजे इंडक्शनचा प्रश्न. दुसरा सिम्बॉल ग्राउंडिंगचा, म्हणजे चिन्हाचं नातं खऱ्या वस्तूशी कसं जुळतं याचा. तिसरा बुद्धीच्या व्याख्येचा आणि मोजमापाचा. चौथा मूल्यांचा आणि सामाजिक निवडीचा. नाव कळलं की निम्मी शोधाशोध संपते, कारण मग चुकीच्या कपाटापुढे उभं राहावं लागत नाही.

यासाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी. १९९५ पासून चालू आहे, पूर्ण मोफत आहे, आणि प्रत्येक नोंद त्या विषयातल्या जाणकाराने लिहून दुसऱ्या जाणकारांनी तपासलेली असते. मात्र तिथली नोंद कादंबरीसारखी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचू नका. प्रस्तावना वाचा, अनुक्रमणिका पाहा, आपल्या प्रश्नाशी जुळणारा एकच विभाग वाचा, आणि थेट खालच्या ग्रंथसूचीवर जा. त्या विभागात जी दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा आली, तेच तुमचे मूळ लेख.

इंग्रजी जड जात असेल तर आधी मराठीत पाय टेकवा. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, आणि त्यातल्या तर्कशास्त्र-तत्त्वज्ञानाच्या जुन्या नोंदी आजही भक्कम आहेत. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ चा. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयात बहुधा धूळ खात पडलेला सापडेल. त्यात यंत्रबुद्धी शोधू नका. 'अनुमान', 'व्याप्ती', 'कारणता' अशा नोंदी मात्र वाचण्यासारख्या.

विगमन: इथे मुक्काम करा

एजीआयसाठी एकच तत्त्वज्ञानाचा प्रश्न खोलवर वाचायचा असेल तर मी हाच सांगेन. शिकणं म्हणजे पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याकडे जाणं. त्याचा आधारच डळमळीत असेल तर वरचा सगळा डोलारा संशयात येतो.

सुरुवात डेव्हिड ह्यूमच्या १७४८ च्या 'एन्क्वायरी'पासून, त्यातही फक्त चौथं आणि पाचवं प्रकरण. आजवर असं झालं म्हणून उद्याही होईल, हे कशावरून? 'कारण निसर्ग एकसारखा चालतो.' आणि ते कशावरून? 'आजवर तसा चालला म्हणून.' फिरून तिथेच. पानं थोडी आहेत, इंग्रजी जुनं असलं तरी स्वच्छ आहे.

मग नेल्सन गुडमनचं 'फॅक्ट, फिक्शन अँड फोरकास्ट', १९५५. त्यातलं तिसरं प्रकरण. गुडमन म्हणतो, ह्यूमची अडचण तर आहेच, पण त्याआधीची अडचण अशी की पाहिलेल्या डेटात एकच नियम नसतो, हवे तितके बसतात. आपल्या केळीवर लावून बघा. एक खूण म्हणजे 'करपा'. दुसरी खूण अशी बनवू: '३१ डिसेंबरपर्यंत तपासलं तर करपा, त्यानंतर तपासलं तर चरका'. ऑगस्टच्या सगळ्या फोटोंवर दोन्ही खुणा तंतोतंत लागू पडतात. एकही फोटो त्यांच्यात निवाडा करत नाही. आपल्याला दुसरी खूण खुळचट वाटते, पण तो खुळचटपणा डेटात कुठेच लिहिलेला नाही. तो आपण बाहेरून आणतो. मशीन लर्निंगमध्ये त्यालाच इंडक्टिव्ह बायस म्हणतात, आणि कुठला बायस योग्य हे डेटा एकटा सांगू शकत नाही.

इथून गणिताकडे वळा. रे सोलोमोनॉफने १९६४ मध्ये उत्तर दिलं: डेटा देणारे सगळे शक्य प्रोग्रॅम घ्या आणि लहान प्रोग्रॅमला जास्त वजन द्या. मार्कस हटरचं एआयएक्सआय, म्हणजे आदर्श यंत्रबुद्धीची गणिती मांडणी, याच पायावर उभं आहे. प्रत्यक्षात ते चालवता येत नाही, पण आदर्श म्हणून त्याची चर्चा होते. गुडमन आधी वाचलेला असेल तर तुम्ही लगेच विचाराल, 'लहान, पण कुठल्या भाषेत?' प्रोग्रॅमची लांबी संगणकभाषेवर ठरते. गणित सांगतं की दोन भाषांतला फरक एका ठरावीक आकड्यापलीकडे जात नाही, आणि भरपूर डेटा असेल तर तो आकडा नगण्य ठरतो. पण डेटा थोडा असेल तेव्हा, म्हणजे नेमकं जिथे बुद्धीची कसोटी लागते तिथेच, तो आकडा निकाल फिरवू शकतो. गुडमनचं कोडं सुटलं नाही, ते भाषेच्या निवडीत जाऊन बसलं. हे एक वाक्य स्वतःच्या डोक्याने कळलं की पुढचे पेपर वेगळ्या नजरेने वाचले जातात.

आणि आता आपल्याकडचं. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, याच प्रश्नावर शतकानुशतकं खडाजंगी झाली आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे कधीही न मोडणाऱ्या सोबतीचा नियम. धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून ओळखायचं ती खूण; अग्नी हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते. उलट 'जिथे अग्नी तिथे धूर' ही व्याप्ती मोडते, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. मग कधी कधी ती खरी का वाटते? मध्ये एक लपलेली अट आहे: ओलं सरपण. धूर आहे तिथे ओलं सरपण असतंच, पण अग्नी आहे तिथे ते असेलच असं नाही. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि तिची व्याख्या काटेकोर आहे: जी साध्याला व्यापते पण हेतूला व्यापत नाही ती. (या उलट्या अनुमानात अग्नी हेतू आणि धूर साध्य.)

हे हत्यार रोजच्या कामात वापरता येतं. मॉडेलचा निर्णय हेतू आणि साध्य अशा रूपात लिहा: 'या पानावर करपा आहे, कारण पिवळे ठिपके आहेत.' मग विचारा, तुमच्या डेटात करप्याच्या प्रत्येक फोटोत असलेली, पण ठिपके असलेल्या प्रत्येक पानावर नसलेली गोष्ट कोणती? दमट हवा. पावसाळ्यातला उजेड. किंवा सगळे रोगट फोटो एकाच मोबाईलने काढलेत, हेही. सापडेल ती उपाधी, आणि तीच तुमची पुढची चाचणी.

चार्वाक यावर हसतो. म्हणतो, उपाधी नाहीच हे तू तपासलंस कधी? सगळ्या जागा, सगळे काळ पाहिलेस? ह्यूमच्या कितीतरी आधीचा हा आक्षेप. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांचं उत्तर असं की शंका स्वतःच्या वागण्याला छेद देईल तिथे थांबते: धूर हवा असला की तू विस्तवच पेटवतोस, मग शंका कसली? बाराव्या शतकात श्रीहर्षाने त्यांचाच श्लोक उलटा फिरवून त्यांची खिल्ली उडवली, आणि चौदाव्या शतकातल्या गंगेशाला पुन्हा सगळं नव्याने मांडावं लागलं. कोण जिंकलं हे तुम्ही ठरवा. पण वागण्यातून शंकेला लगाम घालण्याची कल्पना, म्हणजे कृती करणाऱ्या यंत्राला नुसत्या पाहणाऱ्या यंत्रापेक्षा वेगळा आधार मिळतो का, हा आजही जिवंत संशोधनाचा विषय आहे.

न्यायाची सुरुवात अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'पासून करा. सतराव्या शतकातला हा छोटा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेला. आठल्ये यांच्या इंग्रजी टिपांसह बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये १८९७ साली निघालेली आवृत्ती इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात मिळते. अनुमानखंडापुरतं वाचलं तरी काम भागतं.

अर्थ: यंत्र कशाबद्दल बोलतं

जॉन सर्लचा १९८० चा 'माइंड्स, ब्रेन्स अँड प्रोग्रॅम्स' सगळ्यांना ऐकून माहीत असतो, वाचलेला फार थोड्यांनी असतो. बंद खोलीतला माणूस, चिनी न येता नियमपुस्तक बघून चिनी उत्तरं देतो; मग समजतं कुणाला? ज्या नियतकालिकात तो आला तिथे लेखासोबत इतर अभ्यासकांची टीका आणि सर्लची उत्तरं एकाच अंकात छापली होती. माझा सल्ला, मूळ लेख एकदा वाचा आणि टीका दोनदा. 'माणूस नाही, पूर्ण खोली समजते' आणि 'खोलीला कॅमेरा आणि हातपाय द्या' हे दोन आक्षेप म्हणजे दोन वेगळे संशोधन-कार्यक्रम आहेत. दुसऱ्या वाटेने पुढे गेलात की स्टीव्हन हार्नाडचा १९९० चा 'द सिम्बॉल ग्राउंडिंग प्रॉब्लेम' लागतो: शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दात, त्याचा तिसऱ्यात, असं फिरत राहिलं तर जमिनीला पाय लागणार कधी?

याला जोडून मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतल्या पंडितांचं, लहान मुलाचं उदाहरण वाचाच. एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो 'गाय आण', तो आणतो, मूल बघतं. मग 'गाय बांध', मग 'घोडा आण'. एक शब्द बदलला की कृतीत काय बदललं, हे पाहत मूल अर्थ वेगळे काढतं. शब्द घालणं आणि काढणं याला आवाप-उद्वाप म्हणतात. आता भाषेच्या मोठ्या मॉडेल्सकडे बघा: शब्दांची घाल-काढ त्यांनी अफाट पाहिली आहे, पण गाय आणलेली पाहिलेली नाही, निदान नुसत्या मजकुरावर शिकलेल्यांनी तरी. कृती पाहणं अर्थासाठी गरजेचं की फक्त सोयीचं? प्रभाकर आणि कुमारिल यांचा वाद तर आणखी पुढचा: आधी सुट्या शब्दांचे अर्थ कळतात आणि मग ते जुळतात, की शब्द वाक्यात गुंतलेलाच कळतो? हे वाचून तुम्ही चाचणी कशी रचता ते बदलू शकतं: सुटा शब्द तपासायचा, की कृतीसकट पूर्ण वाक्य.

बाकीचे प्रश्न, थोडक्यात

मोजमापासाठी ॲलन ट्युरिंगचा १९५० चा लेख, नेड ब्लॉकचा १९८१ चा, मग शेन लेग आणि हटर यांचा २००७ चा, शेवटी फ्रान्स्वा शोलेचा २०१९ चा 'ऑन द मेजर ऑफ इंटेलिजन्स'. क्रम मोडू नका. ब्लॉक असं यंत्र कल्पितो ज्यात ठरावीक वेळेत होऊ शकणाऱ्या सगळ्या शहाण्या संभाषणांची यादीच भरलेली आहे. ते ट्युरिंगची परीक्षा (गप्पांवरून समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येऊ नये) पास होईल, आणि त्याला बुद्धिमान म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. म्हणजे नुसतं बाहेरचं वागणं पुरत नाही, आत ते कसं घडतं हेही मोजावं लागतं. शोले नेमकं इथेच बोट ठेवतो: कौशल्य किती आहे हे मोजू नका, थोड्या अनुभवातून नवं कौशल्य किती लवकर येतं ते मोजा.

ध्येयांसाठी स्टीव्ह ओमोहुंड्रोचा २००८ चा लेख आणि निक बोस्ट्रॉमचा २०१२ चा. बोस्ट्रॉमचा दावा असा की बुद्धी कितीही वाढली तरी ध्येय कुठलंही असू शकतं, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. लक्षात ठेवा, हा शक्यतेबद्दलचा दावा आहे. आपण प्रत्यक्षात शिकवलेली यंत्रं कशी निघतील याबद्दल तो काही सांगत नाही, आणि समर्थक-विरोधक दोघेही हे सर्रास विसरतात. मग स्टुअर्ट रसेलचं २०१९ चं पुस्तक: यंत्राने माणसाला काय हवंय याबद्दल अनिश्चित राहावं, अशी त्याची मांडणी. आणि शेतकरी, व्यापारी, विमा कंपनी अशा तिघांचं ऐकायचं असेल तर केनेथ ॲरोचं १९५१ चं प्रमेय समजून घ्या. अनेकांच्या पसंतीक्रमांतून सगळ्या रास्त अटी पाळणारा एकच क्रम नेहमी काढता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

'काय बदललं आणि काय तसंच राहिलं' याच्या गोंधळाला फ्रेम प्रॉब्लेम म्हणतात. मॅकार्थी आणि हेज यांचा १९६९ चा लेख मूळ, पण डॅनियल डेनेटचा १९८४ चा लेख आधी वाचा. त्यातला रोबो बॅटरी वाचवायला जातो आणि गाडीवरचा बॉम्बही सोबत ओढून आणतो; पुढची आवृत्ती प्रत्येक परिणामाचा विचार करत बसते आणि बॉम्ब फुटतो. हसता हसता प्रश्न डोक्यात बसतो.

संवेदना, चैतन्य, 'वटवाघूळ असणं कसं वाटतं' हा विषय पुढे ढकला. नागेल १९७४ आणि चाल्मर्स १९९५ हे दोन लेख सुंदर आहेत, पण यंत्र कसं शिकतं, कसं ठरवतं या प्रश्नांवर काम करणाऱ्याच्या हाताला त्यातून फारसं काही लागत नाही. यंत्राला इजा होते का, हा तुमचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

काय बाजूला ठेवायचं

'यंत्र हे कधीच करू शकणार नाही' असं सिद्ध करणारं पुस्तक हातात आलं की एक तपासणी करा: तोच युक्तिवाद माणसाच्या मेंदूला लागू होतो का? होत असेल तर त्याने जास्त सिद्ध केलं, म्हणजे काहीच नाही. गोडेलच्या प्रमेयावरून, माणसाचं मन यंत्र असू शकत नाही असा लुकासने १९६१ मध्ये केलेला युक्तिवाद असाच तपासून बघा. ट्युरिंगने त्याच प्रकारच्या आक्षेपाला १९५० मध्येच उत्तर देऊन ठेवलंय.

याचा अर्थ टीकाकार टाळा असा नाही. ह्युबर्ट ड्रेफसने १९६५ च्या अहवालात आणि १९७२ च्या पुस्तकात त्या काळच्या एआयची लाज काढली, आणि नियमांच्या याद्यांनी अक्कल येत नाही हे त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं निघालं. समर्थकापेक्षा चांगला विरोधक तुमचा जास्त वेळ वाचवतो. फक्त ड्रेफसने हायडेगर वाचला म्हणून तुम्ही थेट हायडेगर उघडू नका. वर्ष जाईल.

आपल्याकडची एक खास खबरदारी. 'नासाने मान्य केलंय की संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा' हा मेसेज तुमच्या घरच्या ग्रुपवर आला असेल. त्यामागे रिक ब्रिग्ज याचा १९८५ सालचा 'एआय मॅगझिन'मधला लेख आहे. त्यात त्याने शास्त्री मंडळींची वाक्याचा अर्थ उकलण्याची पद्धत आणि एआयमधली सिमँटिक नेट्स, म्हणजे कल्पना एकमेकींशी जोडून दाखवणारी जाळी, यांची तुलना केली होती. तुलना वाचनीय आहे. मेसेजमधला दावा त्यात नाही. 'हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं' असं म्हणणारं पुस्तक मिटून ठेवा, आणि पूर्वज एकमेकांशी कशावर भांडले ते सांगणारं उघडा.

एक लेख वाचायची पद्धत

न्यायातले पाच अवयव इथे कामाला येतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. मी त्याला थोडा मोडतोड केलेला साचा वापरतो. पहिल्या ओळीत लेखाचा दावा, एका वाक्यात. दुसरीत त्याचं कारण. तिसरीत लेखकाचं उदाहरण आणि शेजारी आपलं स्वतःचं. चौथीत सगळ्यात ताकदीचा पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याला पटेल असं. पाचवीत: हे खरं असेल तर मी काय बदलेन.

शोलेच्या लेखाचं पान साधारण असं भरतं. दावा: बुद्धी म्हणजे नवं कौशल्य मिळवण्याची काटकसर. कारण: भरपूर डेटा आणि आधीचं ज्ञान ओतलं तर कुठलंही कौशल्य विकत घेता येतं, म्हणून नुसतं कौशल्य मोजणं फसवं. उदाहरण: लेखात बुद्धिबळ, माझं, हजारो फोटोंवर करपा शिकलेलं मॉडेल. पूर्वपक्ष: आधीचं ज्ञान किती होतं हे मोजणार कसं, माणसाने जन्मतः किती आणलं हे तरी कुठे माहीत आहे? बदल: नव्या रोगाचे दहाच फोटो देऊन चाचणी घ्यायची, आणि दोन मॉडेल्सची तुलना करताना त्यांना आधी काय काय दाखवलं होतं ते शेजारी लिहायचं.

पाचवी ओळ रिकामी राहिली तर लेख बाजूला ठेवा. दोन महिन्यांनी काम पुढे सरकल्यावर कदाचित तीच ओळ भरेल.

घरात आजी-आजोबा अहिराणी बोलत असतील तर लेखाचा दावा त्यांना अहिराणीत सांगून बघा. जिथे अडखळाल तिथे तुम्हालाही तो कळलेला नाही. आजीचे प्रश्न रिव्ह्यूअरपेक्षा तिखट असतात.

साहित्य मिळवायचं कसं

वर सांगितलेले बरेचसे लेख फुकट आणि कायदेशीर मिळतात. लेग-हटर आणि शोले अर्काइव्हवर, म्हणजे संशोधन-लेख मोफत ठेवणाऱ्या एआरएक्सआयव्ही (arXiv) या संकेतस्थळावर आहेत. इतरांसाठी फिलपेपर्स या तत्त्वज्ञानाच्या लेखांच्या ऑनलाइन सूचीवर नाव टाका. तिथे लेखाची मोफत प्रत कुठे आहे तेही बरेचदा कळतं. ह्यूमसारखे जुने ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. नियतकालिकांसाठी आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा: जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना चालू आहे, आणि सरकारी व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्थांना ३० मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं त्यातून वाचता येतात. तुमची संस्था बसत नसेल तर जळगावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. आणि मिळालं की लगेच उतरवून ठेवा, लेख छोटा असेल तर प्रिंट काढा. उन्हाळ्यात वीज गेली की मोबाईलवर तत्त्वज्ञान वाचवत नाही.

अमळनेर विसरू नका. प्रतापशेठांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. जी. आर. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही मंडळी तिथे होती, के. सी. भट्टाचार्य काही काळ संचालक होते. साने गुरुजी अमळनेरला आधी इथेच शिकायला आले. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून निघायचं. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी १९३३ मध्ये 'अज्ञान' याच विषयावर एक पुस्तक काढलं: अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव, की आणखी काही? तो वाद अद्वैत वेदान्ताचा आहे हे मान्य. तरी 'मला माहीत नाही' हे यंत्राला कसं कळावं, यावर काम करणाऱ्याने तो एकदा चाळावा. वेदान्ताबद्दल वर मी जे म्हटलं त्याला हा एक अपवाद. जाण्याआधी परवानगीची चौकशी मात्र करून ठेवा.

दोघं-तिघं मिळा

एकट्याने वाचलेलं तत्त्वज्ञान लवकर मतांध करतं. दोन-तीन जण पुरेत, त्यात एखादी संस्कृत किंवा कायदा शिकलेली व्यक्ती असेल तर सोन्याहून पिवळं. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधायला केलेला वाद, जिंकायला केलेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याला नुसतं पाडणारी वितंडा. बैठकीत नियम ठेवा: अर्ध्या वेळाने बाजू अदलाबदल. जल्प आपोआप कमी होतो. १९८३ मध्ये पुण्यात काही जाणकारांनी पारंपरिक नैयायिक पंडितांना बर्ट्रांड रसेलची 'प्रपोझिशन'ची कल्पना समजावून त्यावर संस्कृतात चर्चा घडवली होती, मे. पुं. रेगे त्यात पुढे होते. ती चर्चा पुढे 'संवाद' या नावाने ग्रंथरूपाने आली. दोन परंपरा समोरासमोर कशा बसवायच्या याचा तो चांगला नमुना.

चॅटबॉट वापरायचा तर पूर्वपक्षाचा वकील म्हणून वापरा, 'माझ्या या युक्तिवादावर सगळ्यात कडक आक्षेप सांग' असं विचारा. संदर्भ मात्र त्याला विचारून तसेच उचलू नका. नसलेले लेख, नसलेले लेखक तो ठामपणे सांगतो. प्रत्येक नाव फिलपेपर्सवर पडताळा, आणि लेख स्वतः उघडून बघा.

पहिल्या बैठकीसाठी ट्युरिंगचा १९५० चा लेख घ्या. पूर्ण नको, सहावा भाग. तिथे तो नऊ आक्षेप मांडून एकेकाला उत्तर देतो: धार्मिक, गणिती, चैतन्याचा, 'यंत्र नवं काही करत नाही' हा लेडी लव्हलेसचा, अगदी टेलिपथीचाही. प्रत्येकाने त्यातला स्वतःला खरा वाटणारा एक निवडायचा, ट्युरिंगचं उत्तर का पुरत नाही हे वहीतल्या पाच ओळींत लिहून आणायचं, आणि तो आक्षेप तपासणारा प्रयोग लॅपटॉपवर करता येईल का ते बैठकीतच ठरवायचं. सातवा भाग, जिथे तो मुलासारखं शिकणारं यंत्र सुचवतो, पुढच्या बैठकीला.